वय वाढतं, हार्मोन उतरतं

हनुवटीवर राठ केस, पाळीचा घोळ... 'पीसीओएस' असलेल्या अनेक मैत्रिणींच्या रक्तात पुरुषी हार्मोन्स जास्त असतात. ती फक्त अंडाशयातून येत नाहीत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही 'डीएचईएएस' बनवतात. हे हार्मोन विशीत सर्वाधिक असतं, मग वर्षागणिक घटत जातं. म्हणून चाळिशीतला रिपोर्ट विशीच्या आकड्यांशी ताडू नका; 'माझ्या वयाला किती चालतं?' असं डॉक्टरांना विचारा. आकडा उतरला म्हणजे सुटले, असंही नाही. रक्तातली साखर तपासत राहा. आणि पाळी गेल्यावर अचानक दाढी-मिशा वाढल्या, आवाज घोगरा झाला, तर 'वयच झालं' म्हणून गप्प बसू नका. उतरत्या वयात हार्मोन चढणं एखाद्या गाठीचीही खूण असू शकते. लाज बाजूला ठेवा, लगेच दवाखाना गाठा!