घरात गवंडी, डोळ्यात मोतीबिंदू

मे महिना लागला की घरोघरी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, रंगकाम निघतं. त्यातच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोतीबिंदूची तारीख येऊन ठेपली, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेच सल्ले जुन्या काळच्या शस्त्रक्रियेवर बेतलेले असतात. धुळीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी काळजी तिचीच घ्यायला हवी.

‘उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको, थंडीतच करावं.’ हा समज सगळ्यांत चिवट. पूर्वी १० ते १२ मिलिमीटरचा छेद घ्यावा लागे, टाके पडत. माणसाला डोकं न हलवता दिवसचे दिवस पडून राहावं लागे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. उकाड्यात, घामात त्याचे हालच व्हायचे. आज फेको पद्धतीत छेद साधारण २ ते ३ मिलिमीटरचा असतो, टाका सहसा लागत नाही आणि रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतो. ऋतू बघण्याचं कारणच उरलेलं नाही. घरी आल्यावर बसायला धूळ नसलेली खोली आहे का, ते आधी बघावं.

‘मोतीबिंदू पिकू द्या, तोवर घराचं उरकून घ्या.’ यातला पहिला भाग चुकीचा आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. वाचताना, जिना उतरताना अडचण येऊ लागली की तो काढायची वेळ झाली. दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे. बहुतेक मोतीबिंदू काही आठवडे थांबू शकतात, जूनचा पाऊस थांबत नाही. म्हणून डॉक्टरांना घरच्या कामाबद्दल मोकळेपणाने सांगावं आणि तारीख पुढे घेता येईल का ते विचारावं. माझं मत विचाराल तर फोडाफोड आधी, डोळा नंतर. तारीख हलवणं शक्य नसेल तर आईला किंवा बाबांना काही दिवस मावशीकडे, लेकीकडे न्यावं. आणि ऑपरेशन व्हायच्या आधीही धूसर नजरेने वाळूच्या ढिगातून, फळ्यांवरून त्यांना एकटं फिरू देऊ नये.

‘काळा चष्मा लावला की झालं.’ चष्मा उजेड अडवतो, हात डोळ्याकडे जाऊ देत नाही. पण फरशी कापताना, पुट्टी घासताना उडणारी पीठासारखी पूड त्याच्या कडेने आत शिरते. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग क्वचितच होतो. तो होतो तेव्हा जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. त्यामुळे धुळीने डोळा खाजला आणि मळक्या हाताने चोळला गेला, तर ते महागात पडू शकतं. थेंब टाकण्याआधी साबणाने हात धुवायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही.

‘आता काही पथ्य नसतं.’ टीव्ही, वाचन, घरातल्या घरात चालणं लवकर सुरू होतं, हे खरं. पण ५० किलोचं सिमेंटचं पोतं सरकवायला जाणं किंवा गवंड्याचं काम बघायला शिडीवर चढणं अजिबात नको. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांची नजर काही काळ जुळत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. चष्म्याचा नंबर स्थिरावायलाही काही आठवडे जातात.

रंगाचंही ऐका. मोतीबिंदूमुळे नजरेवर पिवळसर झाक येते, पांढरा क्रीमसारखा वाटतो. मोतीबिंदू काढल्यावर निळा एकदम उजळतो. चित्रकार क्लोद मोने यांचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर रंग वेगळे दिसत असल्याची त्यांची तक्रार होती. तेव्हा दिवाणखान्याची शेड निवडायची घाई करू नये.

‘डोळ्यात चुना गेला तर तूप घाला.’ हे तर कधीच करू नये. चुना किंवा ओलं सिमेंट डोळ्यात खोलवर भाजत जातं. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार सोडून किमान १५-२० मिनिटं डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. ऑपरेशन झालेला डोळाही असाच धुवायचा, तेव्हा डोळ्याला पाणी न लावण्याचं पथ्य पाळत बसायचं नाही.

थोडं खुपणं, पाणी येणं पहिले काही दिवस चालतं. पण दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा उजळलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.