आजाऱ्याचाही रमजान

पहाटे उमरेडमध्ये सहरीसाठी दिवे लागतात. त्याच वेळी एखाद्या घरी नागपूरच्या मेडिकलला न्यायची फाईल आणि डबा पिशवीत भरला जातो. सुमारे 45 किलोमीटरचा प्रवास, मग रांग. मुलगा कोळसा खाणीच्या पाळीवर, सून शाळेत शिकवायला, नातवाची दहावी. या धावपळीत आजारी माणसाला दुखण्यापेक्षा जास्त बोचते ते, ‘यंदा माझे रोजे राहिले’.

कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील 184 व 185 या आयतींमध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. आजार कायमचाच असेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचे. हाच फिदिया. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली असताना मधुमेहाच्या रुग्णाने गोळ्या चुकवून रोजा धरू नये.

स्वतः रोज्यात असून सासऱ्यांसाठी दुपारी मऊ खिचडी टाकणारी सून आणि औषधे घेऊन परतताना एसटीतच खजुरावर रोजा सोडणारा मुलगा, दोघांचीही ही इबादतच. दवाखान्यात सोबतीला बसणाऱ्या शेजारच्या काकूंचाही त्यात वाटा आहे.

इफ्तारच्या दस्तरखानावर आजाऱ्यालाही शेजारी बसवा. रोजा नसला, तरी दुआ त्याचीही आहे.