सूरजागडच्या लोखंडात वाटा कुणाचा? पाइपलाइन, शेअर आणि ग्रामसभेची गोष्ट

१ जानेवारी २०२५. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गडचिरोली जिल्ह्यात होते. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरी इथे लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीच्या कारखान्याचा कार्यक्रम झाला आणि तिथे कामगारांच्या हातात चक्क कंपनीच्या शेअरची प्रमाणपत्रं पडली. यातले काही जण आत्मसमर्पण केलेले माओवादी होते. फोटो आणि रील्स भराभर फिरल्या.

सहा महिन्यांनी, २२ जुलैला, कोनसरीतच आणखी एक सोहळा झाला. हेडरी ते कोनसरी ही सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आणि पेलेट प्रकल्प सुरू झाला. या पाइपलाइनमुळे प्रदूषण किती कमी होईल, याची चर्चा झाली. एका बाजूला कामगाराला मालकी देणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला पर्यावरण जपणारं तंत्रज्ञान. असं असेल तर मग सूरजागडच्या परिसरातली माणसं इतकी वर्षं आंदोलन का करतात?

आधी डोंगर समजून घेऊ

सूरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. इथलं लोहखनिज उच्च प्रतीचं मानलं जातं. लॉइड्सला इथे २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. कंपनीचा जुना कारखाना शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला.

पट्टा मिळाला तरी खाण चालवणं सोपं नव्हतं. जून २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहतुकीची ७० हून अधिक वाहनं जाळली. काम सुरू व्हायचं, बंद पडायचं. २०२१ नंतर त्रिवेणी अर्थमूव्हर्स ही खाणकामातली कंपनी सोबत आली, त्रिवेणीचे बी. प्रभाकरन लॉइड्सचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि चित्र पालटलं. पोलिसांचा बंदोबस्तही वाढला होता, हेही सोबतच सांगायला हवं. वर्षाला ३० लाख टन खनिज काढण्याची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टन झाली. २०२५ मध्ये ती २.६ कोटी टनांपर्यंत गेली.

हाच डोंगर परिसरातल्या माडिया गोंडांसाठी ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत इथे यात्रा भरते आणि सूरजागड इलाख्यातल्या सुमारे ७० गावांची माणसं जमतात. १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले वीर बाबूराव शेडमाके यांच्या आठवणीही लोक या डोंगराशी जोडतात. त्यामुळे 'ओसाड डोंगर, काढा खनिज' असा हा मामला कधीच नव्हता.

स्लरी पाइपलाइन म्हणजे नेमकं काय?

स्लरी म्हणजे दगडाच्या पिठाची पातळ लापशी. खाणीतून आलेलं खनिज आधी गिरणीत बारीक दळतात. मग त्यात पाणी मिसळतात. साधारणपणे अशा मिश्रणात वजनाने ६० ते ६५ टक्के खनिज आणि उरलेलं पाणी असतं. मोठे पंप ही लापशी जमिनीखालच्या पोलादी नळातून ढकलतात. दुसऱ्या टोकाला पाणी गाळून काढतात, उरलेल्या चिखलाचे छोटे गोळे वळतात आणि ते भट्टीत १,२०० अंशांहून जास्त तापमानाला भाजतात. हेच पेलेट.

यातली खरी इंजिनिअरिंग वेगात आहे. लापशी फार सावकाश गेली तर खनिज तळाशी बसून नळ तुंबतो. फार जोरात गेली तर तेच खनिज नळ आतून खरवडून काढतं. म्हणून साधारण सेकंदाला दीड ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या झपझप चालण्याइतका वेग राखावा लागतो, तोही रात्रंदिवस.

तंत्र नवं नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सॅव्हेज रिव्हर खाणीची अशीच ८५ किलोमीटरची पाइपलाइन १९६७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे कुद्रेमुख ते मंगळूर अशी पाइपलाइन होती, आणि गडचिरोलीच्या शेजारच्या बैलाडिलाचं लोखंड २६७ किलोमीटरच्या नळातून विशाखापट्टणमला जातं.

गडचिरोलीत तिची गरज का पडली, हे साध्या हिशेबातून कळतं. वर्षाला १ कोटी टन खनिज ट्रकने न्यायचं ठरवलं आणि एका ट्रकमध्ये २५ टन धरले, तर ४ लाख फेऱ्या होतात. रोजच्या जवळपास ११००. रिकामे परतणारे ट्रक धरले तर २२००. आता एटापल्लीहून आलापल्ली आणि पुढे आष्टीकडे जाणारा रस्ता डोळ्यासमोर आणा. शाळेच्या सायकली, बैलबंड्या, एसटी आणि त्यातून धावणारे हे ट्रक. गेल्या काही वर्षांत या रस्त्याची चाळण झाली, लाल धूळ पिकांवर बसली, अपघातांत माणसं गेली, रास्ता रोको झाले. नळाने जाणारा प्रत्येक टन यातला भार कमी करतो, हे नाकारायचं कारण नाही. शिवाय डिझेल वाचतं. मुख्यमंत्र्यांनी कार्बन उत्सर्जनात ५५ टक्के घट होईल असं सांगितलं होतं.

मात्र पाइपलाइन कंपनीलाही स्वस्त पडते. कोनसरीतल्या कार्यक्रमात तिच्याकडे उपकार म्हणून पाहिलं गेलं, पण तो आधी धंद्याचा शहाणपणा आहे. त्यात वावगं काहीच नाही. नळालाही धोके असतातच. ब्राझीलमधल्या मिनास-रिओ प्रकल्पाची ५२९ किलोमीटरची पाइपलाइन मार्च २०१८ मध्ये एकाच महिन्यात दोनदा फुटली, स्लरी ओढ्यात गेली आणि काम डिसेंबरपर्यंत बंद राहिलं. फुटी शोधण्यासाठी दाब मोजणारी यंत्रणा असते. पण नळाच्या वाटेवरच्या गावाला ते आकडे दिसतात का? इंजिनिअरिंगचा प्रश्न इथून नैतिकतेच्या प्रश्नात शिरतो.

आणि ते शेअर?

कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेला ईसॉप म्हणतात. बंगळुरू-पुण्याच्या आयटी कंपन्यांत हा शब्द रोजचा, पण डंपर चालवणाऱ्याला आणि सुरक्षारक्षकाला ईसॉप मिळणं भारतात दुर्मीळच. ते कसं चालतं? कंपनी ठरावीक, बहुतेकदा नाममात्र किमतीला शेअर घेण्याचा हक्क देते. सेबीच्या नियमानुसार तो हक्क वापरण्यापूर्वी किमान एक वर्ष जावं लागतं. हक्क वापरला की बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यातला फरक पगारातच धरला जातो आणि त्यावर आयकर लागू होतो. पुढे भाव चढला तर फायदा, पडला तर तोटा. हा शेवटचा भाग सोहळ्यात कुणी फारसा सांगत नाही. डीमॅट खातं पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाला तो त्याच्या भाषेत, माडियात किंवा तेलुगूत समजावणं हेही कंपनीचंच काम आहे.

एवढं मान्य करू की आत्मसमर्पितांना काम आणि शेअर देणं, महिलांना अवजड वाहनं चालवायला शिकवणं, गोंडवाना विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाला सोबत घेऊन खाण-अभियांत्रिकीचं शिक्षण गडचिरोलीत आणणं, हे कायद्याने बांधील नसताना केलेलं काम आहे. असं वागणारा उद्योगपती महाराष्ट्रात रोज सापडत नाही.

अडचण आहे ती पुढे. शेअर मिळतो नोकरी करणाऱ्याला. डोंगरावर हक्क सांगतात ते बहुतेक लोक कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत. मोह, तेंदू, बांबू आणि डोंगरउतारावरचं भात यावर जगणाऱ्या बाईला ईसॉपमध्ये कुठला रकाना?

कायदा तिला काय देतो

पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. दोन्हींच्या केंद्रस्थानी ग्रामसभा आहे. ३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं, की वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर ग्रामसभेची संमती हवी. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

सूरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणजे वनहक्क कायदा अमलात येण्याच्या उंबरठ्यावरचा. इथली तक्रार अशी, की संमतीचा प्रश्न आमच्यापर्यंत नीट आलाच नाही. उत्पादन ३० लाख टनांवरून १ कोटी टन करण्यासाठीची पर्यावरणविषयक जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती जिल्हाधिकारी कार्यालयात, गडचिरोली शहरात. खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ज्याच्या शेतात खाणीचा गाळ येतो त्याने मजुरी बुडवून एवढ्या लांब जाऊन बोलायचं! पुढच्याच वर्षी तोडगट्टा इथे नव्या खाणींविरोधात लोक मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत, आठ महिन्यांहून जास्त काळ, ठिय्या देऊन बसले. शेवटी पोलिसांनी तो मोडून काढला.

पैशाची गोष्टही पाहू. लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी असते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांना त्या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे किमतीच्या साडेचार टक्के. रक्कम छोटी नाही आणि ती खाणबाधित भागासाठीच असते. पण ती खर्च कशी करायची हे ठरवताना जिल्हा प्रशासनाचा शब्द चालतो, गावाचा क्वचितच.

योगायोग असा की कॅनडातही हाच आकडा भेटतो. क्युबेकच्या उत्तरेतल्या रॅगलन निकेल खाणीने १९९५ मध्ये तिथल्या इन्युइट समाजाशी करार केला आणि नफ्यातला साडेचार टक्के वाटा थेट त्यांच्या संस्थांना देण्याचं मान्य केलं. आपल्याकडे किमतीवर, तिकडे नफ्यावर, त्यामुळे आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. फरक करारावर कोण सही करतं यात आहे.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या जिल्ह्यांतला बांबू पिढ्यानपिढ्या कागद कारखान्याला जात होता, तिथे एक गाव स्वतः विक्रेता झालं. बांबू दरवर्षी फुटतो आणि लोखंड एकदाच निघतं, हा फरक खरा. तरीही व्यवहाराच्या टेबलावर ग्रामसभा बसू शकते, हे इथेच सिद्ध झालेलं आहे.

आता पुढे काय?

पुढचा टप्पा हलक्या प्रतीच्या खनिजाचा आहे. बीएचक्यू नावाच्या पट्टेदार दगडात लोखंड कमी आणि गारगोटी जास्त. पूर्वी तो टाकून द्यायचे. आता बारीक दळून लोखंड वेगळं काढता येतं. त्यासाठीच्या प्रकल्पाला २०२५ मध्ये सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन वळवण्याची वाट मोकळी झाली आणि लाखाहून अधिक झाडं तोडावी लागतील अशा बातम्या आल्या. एका बाजूने पाहिलं तर तेवढ्याच डोंगरातून जास्त लोखंड मिळतं. दुसऱ्या बाजूने, लोखंड काढून झाल्यावर उरलेला बारीक चिखल कुठेतरी साठवावा लागतो. ब्राझीलच्या ब्रुमाजिन्योमध्ये अशाच चिखलाचा बांध २५ जानेवारी २०१९ ला फुटला आणि २७० जण दगावले.

चंद्रपूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर वरच्या क्रमांकात होतं. गडचिरोली १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होती, आणि घुग्घुसच्या चिमण्या पाहिलेली माणसं कोनसरीत नातेवाइकांकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न विहिरीच्या पाण्याचा विचारतात.

त्याचं उत्तर देणं अवघड नाही. नळातला दाब, विहिरींच्या पाण्याची तपासणी, चिखलाच्या बांधाचा अहवाल, प्रतिष्ठानातला खर्च, हे सगळं दर महिन्याला हेडरीच्या ग्रामसभेत मराठी आणि माडियात वाचून दाखवता येईल. पुढची जनसुनावणी एटापल्लीत, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवता येईल. त्यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही आणि कुठला खास खर्चही नाही.