रेल्वेने युरोप: शहरं मोजकी, सुट्टी मनसोक्त

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्यातला रेल्वेप्रवास नवा नाही. शाळांना सुट्टी लागली, की झेलम नाहीतर गोवा एक्सप्रेस पकडायची, डबा उघडायचा आणि गाव गाठायचं. आता नोएडा, गुरुग्राम, द्वारकेतल्या अनेक घरांत याच सुट्टीत युरोप पाहण्याचा बेत शिजू लागला आहे. तिथे फिरण्याचा सर्वांत सुखाचा मार्गही रेल्वेच आहे. स्टेशन शहराच्या मध्यभागी असतं, विमानतळासारखी तपासणी बहुतेक गाड्यांना नसते आणि खिडकीतून दिसणारा देश हा सहलीचाच भाग होतो.

मात्र आपल्या रेल्वेच्या सवयी तिथे जशाच्या तशा चालत नाहीत. खर्च लाखांत असतो आणि सुट्टी मोजकी, म्हणून तयारी नीट हवी.

आधी यादी छोटी करा

पहिल्यांदा जाताना सगळंच पाहावंसं वाटतं. पण शहर बदललं, की त्या दिवसाचा मोठा भाग सामान बांधण्यात, स्टेशन गाठण्यात आणि नवं हॉटेल शोधण्यात जातो. 12 रात्रींत सहा शहरं घेतली, तर मुलांना डबेच जास्त आठवतील. त्यापेक्षा तीन मुक्काम ठरवा. उदाहरणार्थ, पॅरिस 4 रात्री, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन 5 रात्री आणि व्हेनिस 3 रात्री. यात मोठे रेल्वेप्रवास दोनच होतात. बाकीचे दिवस सामान खोलीवर ठेवून आसपास हिंडायचं.

विमानाचं तिकीट काढताना एका शहरात उतरा आणि दुसऱ्या शहरातून परता. पहिल्या शहरात मागे येण्याचा दिवस वाचतो.

व्हिसाचं गणित

शेंगेन व्हिसावर 29 देशांत फिरता येतं. अर्ज मात्र ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे करायचा. वरच्या उदाहरणात तो स्वित्झर्लंडकडे जाईल. दिवस समान असतील, तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. लंडनही जोडायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल-मेमध्ये भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं, म्हणून मे-जूनच्या सहलीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. सध्या शुल्क प्रौढांना 90 युरो आणि 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे. शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मुलांचे पासपोर्ट आजच काढून तारीख पाहा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो आणि परतीच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने वैध असावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल आणि तिकिटं शक्यतो रद्द करता येतील अशीच घ्या.

पास की सुटी तिकिटं?

युरेल पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे आणि त्याचा ग्लोबल पास 33 देशांत चालतो. एका प्रौढासोबत 4 ते 11 वर्षांची दोन मुलं मोफत जातात, पण पास घेतानाच त्यांचा मोफत पासही घ्यावा लागतो. 60 वर्षांवरच्या ज्येष्ठांना सवलत मिळते.

पास घेण्याआधी कागदावर हिशोब मांडा. रोजचा प्रवास लिहा, प्रत्येकाचं सुटं तिकीट पाहा आणि बेरीज पासच्या किमतीशी ताडा. लांबचे प्रवास दोनच असतील, तर लवकर काढलेली सुटी तिकिटं अनेकदा स्वस्त पडतात. तिथे भाडं विमानासारखं बदलतं. प्रवासाची तारीख जवळ येते तसं ते वाढत जातं.

स्वित्झर्लंडमध्ये बरेच दिवस असाल, तर स्विस ट्रॅव्हल पासचा विचार करा. त्यात रेल्वेबरोबर बस आणि तलावांतल्या बोटीही येतात, आणि फॅमिली कार्डवर 6 ते 15 वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर मोफत जातात. 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोख स्टेशनला जाण्यासाठी मात्र वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं लागतं.

पास म्हणजे सीट नव्हे

आपल्याकडे तिकीट म्हणजे पीएनआर, डबा आणि बर्थ. तिथे तसं नाही. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांत पास किंवा तिकीट असलं, की रिकाम्या जागेवर बसता येतं. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या वेगवान गाड्या आणि युरोस्टारमध्ये मात्र पास असूनही आरक्षण घ्यावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात. चौघांना एकत्र बसायचं असेल, तर हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

कोणतं स्टेशन?

निजामुद्दीन, आनंद विहार आणि नवी दिल्ली यांत गल्लत झाली, की काय होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. पॅरिसमध्येही तसंच आहे. स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द ल्योंहून सुटतात, लंडनच्या गार द्यु नॉरहून. व्हेनिसला जुन्या शहरात राहणार असाल, तर मेस्त्रेला नाही, सांता लुचियाला उतरायचं.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये (1995) सिमरन धावत्या गाडीत चढते. युरोपच्या सहलीने सुरू होणाऱ्या या गोष्टीतला तो शेवटचा प्रसंग चित्रित झाला पनवेलजवळच्या आपटा स्टेशनवर! युरोपात तसं जमणार नाही. दारं गाडी सुटण्याआधीच बंद होतात. दहा-पंधरा मिनिटं आधी फलाटावर हजर राहा आणि डब्यावरचं गाव वाचा, कारण काही गाड्या वाटेत दुभागतात आणि डबे वेगवेगळ्या दिशांना जातात.

हमालही सहसा मिळत नाही. म्हणून माणशी एकच बॅग आणि ती ज्याची त्याने उचलायची. निघण्याआधी भरलेली बॅग घेऊन मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून एकदा चढउतार करा. अर्धे कपडे आपोआप कमी होतील.

आजी-आजोबांची चाल

बरोबर वडीलधारी असतील, तर वेळापत्रक त्यांच्या पावलांनी ठरवा. स्वित्झर्लंडमध्ये गाडी बदलायला अनेकदा सात-आठ मिनिटंच मिळतात. घाई करू नका. बऱ्याच मार्गांवर अर्ध्या-एक तासात पुढची गाडी असते. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल, तर युंगफ्राउयोखसारख्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं, तर खाली तलावातली बोटीची सफरही तितकीच रमणीय आहे.

डबा घ्या, पण जपून

चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना बंदी आहे, तेव्हा पेढे आणि चीज घरीच राहू द्या. गाडीत डबा उघडायला कोणाची हरकत नसते, फक्त उग्र वासाचं काही नको.

दिल्लीच्या उन्हातून सुटलो, असं समजून गाफील राहू नका. जून-जुलैत तिथेही उष्णतेच्या लाटा येतात आणि अनेक हॉटेलांत एसी नसतो. खोली घेताना ते पाहून घ्या. पॅरिसला जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. दुपारी मुलांना झोपवून संध्याकाळी बाहेर पडलात, तरी दिवस पुरतो.

मुलांसाठी एक गृहपाठ

दिल्लीहून जवळची कालका-शिमला रेल्वे आणि स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणारी बर्निना मार्गाची रेल्वे या दोघींना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान एकाच वर्षी, 2008 मध्ये मिळाला. युरोपची सहल यंदा जमत नसेल, तर कालक्याला जाऊन छोट्या गाडीने शिमला गाठा. आपापली बॅग उचलणं, खिडकीची जागा वाटून घेणं, आजीसाठी थांबणं याची तालीम तिथेच होईल. मग पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसच्या फलाटावर तुमची मुलंच सांगतील, आपला डबा कोणता ते.