चौकीची इमारत आणि चौकीतला माणूस

२७ जून २०२३ रोजी सकाळी पुण्यातल्या सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं ते रस्त्यावरच्या तरुणांनी. पेरूगेट पोलीस चौकी जवळच होती, पण हल्ल्याच्या वेळी तिथे कोणी हजर नव्हतं. पुढे चौकीतले तिघे कर्मचारी निलंबित झाले. पोलीस ठाणी आणि चौक्या खासगी भागीदारीतून उभारण्याचा विषय निघतो तेव्हा ही घटना समोर ठेवूनच बोलायला हवं. ठेकेदाराकडून काय बांधून घेता येतं आणि काय कधीच घेता येत नाही, याची सीमा तिथे स्पष्ट दिसते.

चांगल्या इमारतींची गरज आहे, यात वाद नाही. फरासखाना आणि विश्रामबाग ही पेठांची दोन ठाणी दगडूशेठ मंदिरासमोरच्या एकाच गजबजलेल्या आवारात होती. १० जुलै २०१४ रोजी तिथल्याच वाहनतळावर दुचाकीत बॉम्बस्फोट झाला. शहर वाढलं तसं २०२४ मध्ये आंबेगाव, बाणेर, खराडी, वाघोली अशी सात नवी ठाणी सुरू करावी लागली. अशा वेळी एक सोपा मार्ग सुचवला जातो: भूखंड विकसकाला द्यावा, त्याने खाली दुकानं काढावीत, वर ठाणं बांधून द्यावं आणि सरकारी तिजोरीला तोशीस लागू नये. पेठेतल्या जमिनीचा भाव पाहता हा मोह स्वाभाविक आहे, पण तो टाळलाच पाहिजे. जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासात मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांची भांडणं ठाण्याच्या पायरीवर येतात. ज्या विकसकाच्या छताखाली फौजदार बसतो, त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या भाडेकरूला न्यायाची खात्री कशी वाटावी? कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ठाणं सजवून घेण्यालाही हाच आक्षेप लागू पडतो.

उरतो तो वार्षिक मोबदल्याचा मार्ग: खासगी कंपनीने बांधायचं, वर्षानुवर्षं सांभाळायचं आणि शासनाने ठरलेली रक्कम द्यायची. लंडनमध्ये लुइशॅम, ब्रॉम्ली इथली ठाणी अशाच करारांतून उभी राहिली. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की सर्व खात्यांतल्या अशा सातशेहून अधिक प्रकल्पांपोटी पुढच्या काही दशकांत सुमारे १९९ अब्ज पौंड द्यायचे आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारने नवे करार बंद केले. तेव्हा ‘सरकारकडे पैसा नाही, म्हणून भागीदारी’ हा युक्तिवाद टिकत नाही. पैसा शेवटी करदात्याचाच जातो, शिवाय सरकारला कर्ज सहसा स्वस्तात मिळतं.

मग भागीदारी हवीच कशाला? माझ्या मते देखभालीसाठी, आणि तेवढ्यापुरतीच. आपल्याकडे इमारतीचं उद्घाटन थाटात होतं; गळकं छत आणि बंद नळ मात्र पुढच्या मंजुरीची वाट पाहत राहतात. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. कॅमेरा बंद पडला की त्या दिवसाचा मोबदला कापला जाईल, असं कलम करारात असेल तर कॅमेरा चालू ठेवण्यात कंपनीचा स्वार्थ गुंततो. चित्रणाचा ताबा मात्र तिच्याकडे जाता कामा नये. कोठडीतल्या माणसाचा पुरावा ही व्यापाराची वस्तू नव्हे. पासपोर्ट सेवेत ही विभागणी आपण अनुभवली आहे: केंद्रं आणि संगणक यंत्रणा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सांभाळते, पासपोर्ट मंजूर करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याचाच राहतो.

पोलिसांचं काम पासपोर्टइतकं साचेबंद नाही, हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच करारात वीज, पाणी, स्वच्छतागृह, महिला तक्रारदारांसाठी स्वतंत्र खोली आणि कॅमेरे एवढंच यावं, आणि तो करार रकमांसह जनतेला वाचायला मिळावा. चौकीत कोण, किती वाजेपर्यंत हजर असेल याची जबाबदारी आयुक्तालयाची. पेरूगेटसारख्या प्रत्येक चौकीच्या दारावर त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांची नावं आणि वेळा लावायला कोणत्याही भागीदाराची किंवा निविदेची गरज नाही.