ऐंशी मजल्यांचा हिशेब

ब्राह्मणपुरीसारख्या गावात आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्यांवर कशाला बोलावयाचे, असे कोणी विचारील. आपल्याकडे तीन मजल्यांचे घर म्हणजे उंच घर. पण येथली मुले मुंबईस, पुण्यास, सुरतेस गेली आहेत. उद्या ती तेथे घर घेतील आणि पहिला हप्ता भरण्यासाठी इकडे शेताचा तुकडा विकला जाईल. ‘बांधकाम चालू आहे तोवर घ्या, स्वस्त पडेल’ ही जाहिरात मोबाइलवर येथेही येतेच. म्हणून हा हिशेब आपणही मांडून पाहावा.

आरंभ एका साध्या गुणाकाराने करू. साचे, सळई आणि काँक्रीट यांची घडी नीट बसली म्हणजे एका मजल्याचा सांगाडा साधारणपणे आठ-दहा दिवसांत उभा राहतो. ऐंशी मजल्यांना दहाने गुणले तर आठशे दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आतच काम झाले! मग मुंबईतील मनोऱ्यांना दहा-दहा वर्षे का लागतात?

लोअर परळ येथे श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा मनोरा २०१० साली जाहीर झाला. मूळ बेत ११७ मजल्यांचा व ४४२ मीटर उंचीचा होता. विमानवाहतुकीच्या दृष्टीने तेवढ्या उंचीस परवानगी मिळाली नाही. अखेर तो २८० मीटरांवर थांबला आणि पुरा होण्यास २०२० साल उजाडले. वरळीस श्रीराम मिलच्या आवारातील ‘पॅले रॉयाल’चे काम २००८ च्या सुमारास सुरू झाले. वाहनतळ व चटईक्षेत्र यांवरून कोर्टकज्जे झाले, आणि सांगाडा माथ्यापर्यंत पोहोचण्यासच सुमारे दहा वर्षे गेली.

तेव्हा गुणाकारात न धरलेली वर्षे शोधली पाहिजेत. काही जमिनीखाली जातात, कारण जितका मनोरा उंच तितका पाया खोल व भक्कम हवा. काही परवानग्यांत जातात. महापालिका, अग्निशमन दल, विमानतळ यांची संमती लागते. सांगाडा झाला म्हणजे घर झाले असेही नव्हे. पाण्याचे नळ, वीज, उद्वाहने म्हणजे लिफ्ट, काचा, फरशी ही कामे सांगाड्याहून किचकट असतात. साठाव्या मजल्यावर जावयाचे तर माणूस व विटा दोन्ही त्याच पाळण्यातून वर चढणार. वारा सुटला की क्रेन थांबवावी लागते.

शिवाय एक मोठा भेद आहे. दहा छोट्या इमारतींची वसाहत असेल तर दोन बांधून विकाव्या, लोक राहावयास आणावे, त्या पैशातून पुढच्या दोन उभाराव्या. मनोऱ्याचे तसे होत नाही. लिफ्ट आणि आग विझविण्याची व्यवस्था पुरी झाल्याखेरीज खालच्या घरातही सुखाने राहता येत नाही. पैसा मात्र पहिल्या दिवसापासून अडकून पडतो. शेकडा बाराच्या चक्रवाढीने कर्जाची रक्कम सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. उशीर हाच असा मोठा खर्च होऊन बसतो.

हा पैसा आणावयाचा कोठून? आपल्याकडे व्यापारी पपईची बाग पाहून सौदा करतो. फळ झाडावर दिसत असते. मनोऱ्यात झाड लावण्यापूर्वीच फळाची किंमत घ्यावी लागते. म्हणून गिऱ्हाइकाची मागणी एका दिवसाची असून चालत नाही, ती आठ-दहा वर्षे टिकावी लागते. आणि येथेच फसगत होते. पहिल्या वर्षी घरे घेणाऱ्यांत राहण्यासाठी घेणारे किती आणि भाव चढला की विकणारे किती, हे कागदावर दिसत नाही. दुसऱ्या जातीचा गिऱ्हाईक आज मागणी म्हणून मोजला जातो. चार वर्षांनी तोच विक्रेता होऊन बांधणाऱ्याशी स्पर्धा करतो.

त्यातच काळ बदलतो. २००८ ची जागतिक मंदी, २०१६ ची नोटबंदी, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडाल्यावर आटलेली कर्जे, २०२० ची टाळेबंदी. एवढी वादळे एका मनोऱ्याच्या आयुष्यात येऊन गेली. न्यूयॉर्कचे एम्पायर स्टेट १९३० च्या मार्चमध्ये आरंभून १९३१ च्या मे महिन्यात उघडले. पण मंदीमुळे त्यातील कचेऱ्या पुढे कित्येक वर्षे रिकाम्याच राहिल्या. बांधण्याचा वेग म्हणजे मागणी नव्हे.

एका थांबलेल्या मनोऱ्याच्या फाटकाशी मी मजुरांबरोबर थकलेल्या मजुरीसाठी बसलो होतो. दुपारी तेथेच काही कुटुंबे आली. त्यांनी घराचे पैसे भरले होते. बँकेचा हप्ता आणि जुन्या घराचे भाडे अशी दोन्ही ओझी ती वाहत होती. मजूर आणि गिऱ्हाईक एकाच बंद फाटकाकडे पाहत होते. उंची किती ठेवावी हे या दोघांनाही कोणी विचारले नव्हते, पण उशिराची किंमत तेच मोजत होते.

२०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने थोडा आधार दिला आहे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकी शेकडा ७० भाग निराळ्या खात्यात ठेवून त्याच कामाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावा लागतो. ठरल्या तारखेस ताबा मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. परंतु हक्क कागदावर असतो. तो मागावा लागतो, आणि एकट्याने मागण्यापेक्षा संघटितपणे मागितलेला लवकर पदरी पडतो.

म्हणून मुलाने घराची गोष्ट काढली की बापाने चार प्रश्न विचारावेत. महारेराचा नोंदणी क्रमांक कोणता? जो मजला विकत आहेत त्या मजल्यापर्यंत आज मंजुरी आहे काय? करारात ताब्याची तारीख कोणती लिहिली आहे? आणि तारीख तीन वर्षे पुढे गेली तर भाडे व हप्ता दोन्ही आपणांस झेपतील काय? चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर शेताचा तुकडा तूर्त विकू नये.