सिंधू आणि गीता

राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, १९१९ सालीं, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें. बालगंधर्वांच्या सिंधूनें प्रेक्षकांस रडविलें. आमच्या करवीरांत सुनांपुढें सिंधूचा कित्ता ठेवणारे वडीलधारे आम्हीं पुष्कळ पाहिले. परंतु तिचें सोसणें फळलें काय? ती दळण दळते, मार खाते, मरतांनाही पतीला वांचविण्यासाठीं खोटें बोलते. तरी तान्हें बाळ गेलें, ती गेली, सुधाकरही गेला. नाटककारानें तिच्याजवळच तळीरामाची गीता उभी केली आहे. ती मद्यपी नवऱ्याला तोंडावर सुनावते. वाचकहो, सिंधूला वंदन अवश्य करावें. पण घरांतील सून गीतेसारखी बोलूं लागली, तर तिला उद्धट ठरविण्यापूर्वीं तिचें म्हणणें ऐकावें.